कोठाराची खूण

मासेमारीच्या जागेची खूण परक्याला सांगायची नसते. आमच्या बेटावर पोरांना हे चालता येण्याआधी कळतं. तरी आज मी आमच्या वडिलांची खूण सांगणार आहे. एकतर ती आता कुणाच्याच कामाची राहिलेली नाही, आणि दुसरं म्हणजे ती सांगितल्याशिवाय माझी वहिनी एल्सीरा काय बाई आहे ते सांगता येणार नाही.

शेवंड, ही लांब मिशांची मोठी कोळंबी, समुद्रात वाटेल तिथे मिळत नाही. तळाला खडक लागतो, खडकात कपारी लागतात, आणि तो खडक वरून दिसत नाही. म्हणून होडीतून डोंगराकडे बघायचं. डोंगरावरची एक गोष्ट दुसरीच्या बरोबर मागे आली की एक रेघ मिळाली. दुसऱ्या बाजूला अशाच दोन गोष्टी जुळल्या की दुसरी रेघ. दोन्ही रेघा जिथे भेटतात तिथे सापळा सोडायचा. वडिलांनी आपल्या जागेचं नाव ठेवलं होतं कोठार. बाकीचे सापळे रिकामे आले तरी कोठारातला सापळा कधी रिकामा आला नाही; आम्ही भावंडं त्यावरच वाढलो. दुसऱ्याच्या जागेवर कुणी सापळा टाकत नाही. असं कागदावर कुठे लिहिलेलं नाही, पण जो टाकेल त्याला गावात कुणी चिमूटभर मीठ देणार नाही. वडील गेल्यावर कोठार माझ्या थोरल्या भावाकडे, तेयोकडे आलं. त्याची एक रेघ दूरच्या दोन सुळक्यांवरून जायची. दुसरी युंके डोंगराच्या खाचेवरून आणि खाचेखालच्या कड्यावर एकट्याच उभ्या असलेल्या माकीच्या झाडावरून.

त्या माकीनेच सगळा घोळ केला.

माकी आमच्या बेटाचं झाड नव्हे. मुख्य भूमीवरून, म्हणजे आमच्या भाषेत कॉन्टीवरून, ते कधीतरी कुणीतरी आणलं. त्याच्या फांद्या वाकवून सापळे विणता येतात, काळी फळं पोरं खातात आणि आठवडाभर जांभळी तोंडं घेऊन हिंडतात, म्हणून कुणी त्याला नावं ठेवली नाहीत. फळं कस्तुर पक्षीही खातात आणि बी घळीत टाकतात. तशीच मोरा, काटेरी, जिथे टेकेल तिथे मूळ धरणारी. या दोघांनी गावावरची अख्खी घळ गिळून टाकली. आतली आमची लूमाची झाडं, नारिंगी फुलांची कोलची झाडं गुदमरली, आणि त्या फुलांवर जगणारा चिमुकला तांबडा पिकाफ्लोर दिसेनासा झाला. हा पक्षी जगात दुसरीकडे कुठेच नाही, असं सगळे म्हणतात. मी जग बघितलेलं नाही, त्यामुळे मी मान डोलावते.

एल्सीराला पक्ष्यांचा फार कळवळा होता असं मात्र कुणी समजू नये. डोंगरावर फुकट राबणारी बाई म्हटलं की लोकांना ती संतीण वाटते. एल्सीरा चिडखोर आहे, पहिल्यापासून. शाळेत ती स्वयंपाकीण होती आणि पानात टाकणाऱ्या पोरांना तिचा डाव माहीत होता. घळीच्या तोंडाशी तिच्या आईची बटाट्याची पट्टी होती. आई थकली तशी मोरा कुंपण ओलांडून आत आली, आणि आई गेली त्या वर्षी पट्टी कुठे होती तेही दाखवता येईना. एका शनिवारी एल्सीरा कोयता घेऊन नुसता राग काढायला गेली. संध्याकाळी माझ्या दारात उभी राहिली तेव्हा हात कोपरापर्यंत ओरबाडलेले होते.

"नोएमी," म्हणाली, "आईने रचलेला दगडांचा बांध सापडला."

पुढच्या शनिवारी तिने मलाही ओढून नेलं. मग कॉन्टीवरून इसिदोरा नावाची एक शिकलेली मुलगी झाडं वाचवायचा प्रकल्प घेऊन आली, आणि आमच्या रागाला कात्र्या, करवती आणि बुंध्याला लावायचं औषध मिळालं. पहिल्या वर्षी अर्धं गाव आलं. कुणी गिटार आणली, कुणी सारण भरलेल्या एम्पानादा तळून आणल्या, एका साहेबाने हातमोजे घालून फोटो काढून घेतला आणि हातमोजे काढून ठेवून तो घरी गेला. दुसऱ्या वर्षी गिटार आली नाही. नंतर माणसंही आली नाहीत. राहिलो आम्ही तिघी बायका, म्हणजे एल्सीरा, मी आणि पाववाली फ्रेसिया, आणि चौथी इसिदोरा.

गाव गळालं याचा मी दोष देत नाही. काम तसंच आहे. मोरा तोडली की जमिनीला ऊन लागतं, आणि ऊन लागलं की आत दडलेलं बी वर येतं. म्हणजे जितकं तोडावं तितकं उगवतं. हे आधी सांगितलं असतं तर मी घरी बसून मोजे विणले असते. लूमाचं एक रोप लावायचं, त्याच्याभोवतीची माकीची पिल्लं मुळासकट उपटायची, आणि पुढच्या शनिवारी त्याच रोपाभोवती पुन्हा तितकीच पिल्लं उपटायची. ती सगळी वरून यायची, कड्यावरच्या त्या एका झाडावरून.

इसिदोराने हे पहिल्याच महिन्यात ओळखलं. ती मोठ्या बायकांना मानाने दोन्या म्हणायची. कड्याकडे बोट दाखवून म्हणाली, "दोन्या एल्सीरा, ते वरचं आधी काढायला हवं. सगळं बी तिथून येतंय."

"त्याला हात लावायचा नाही," एल्सीरा म्हणाली.

"का?"

एल्सीराला खोटं बोलता येत नाही. तिच्या मानेवर लाल चट्टे उठतात. तसे ते उठले. "घरटं आहे त्यात."

"कशाचं?"

"पिकाफ्लोरचं."

मी खाली मान घालून मोरा उपटत राहिले. मी तेयोची बहीण, त्याच घरात जन्मलेली. कोठार वाचवण्यासाठी हे चाललंय हे मला कळत होतं. खरं कारण सांगायची सोयच नव्हती. फ्रेसियाचा नवरा मासेमार, दोन्ही मुलगे मासेमार. झाड का ठेवायचं ते तिच्यासमोर सांगणं म्हणजे कोठाराची किल्ली तिच्या हातात देणं. इसिदोरा बिचारी हरखली. हातापायांवर रांगत कड्यावर गेली. घरटं काही दिसलं नाही, तर एल्सीरा म्हणाली वाऱ्याने पडलं असेल, पुढच्या वर्षी पुन्हा बांधतील. मग पाखरांना कुणी त्रास देऊ नये म्हणून इसिदोराने त्या झाडाला पिवळी फीत बांधली. घळीतल्या सगळ्यात नतद्रष्ट झाडाला असं संरक्षण मिळालं.

तेयो त्या दिवशी समुद्रावरून आला तो चहाच्या टेबलाशी बसायच्या आधीच ओरडायला लागला. "माझ्या झाडाला फीत कुठल्या गाढवाने बांधली?"

"तुझ्या बायकोने वाचवलंय ते," मी म्हटलं आणि सगळी हकीकत सांगितली. तो इतका हसला की पाव घशात अडकला.

"वाचव, बाई, वाचव," तो एल्सीराला म्हणाला. "आणि बाकीची माकीपण थोडी ठेवा. सगळी संपवलीत तर सापळे कशाचे विणू? तुमच्या हाडांचे?"

"माझ्या हाडांचे विणलेस तर शेवंड जवळ येणार नाही," एल्सीरा म्हणाली. "माझी धास्ती घेईल."

असे ते दोघं होते. मग तेयोला झटका आला.

हिवाळ्यात, सकाळी, होडी वर ओढताना. विमानाने कॉन्टीला नेला, काही महिन्यांनी परत आणला. उजवी बाजू गेली होती. शब्द तुटून यायचे. शिव्या तेवढ्या अख्ख्या यायच्या. होडी उलटी करून पडवीत ठेवली, सापळे आढ्याला टांगले. कोठारावर कुणी सापळा टाकला नाही. गावाने त्याची जागा राखली, तो बरा होईल म्हणून. तो बरा होणार नाही हे गावाला माहीत होतं, पण ते आधी कोण म्हणणार?

एल्सीराची कमर तेव्हा गेली. तो चांगला थोराड माणूस. सकाळी उठवायचा, धुवायचा, चाकाच्या खुर्चीत बसवायचा, रात्री पुन्हा उचलायचा. आणि शनिवारी डोंगर. मी तिला म्हटलं, बाई, आठवड्यातला एक दिवस तरी झोप काढ, मी बसते त्याच्यापाशी. ती म्हणाली, "डोंगरावर मला कुणी हाक मारत नाही, नोएमी." हे ती रागाने बोलली नाही. इतकी थकली होती की रागवायलाही तिच्यात जीव नव्हता, आणि मला तेच बघवत नव्हतं.

त्सुनामीच्या लाटेनंतर आमची घरं वर चढवून बांधली, त्यामुळे तेयोच्या अंगणातून एका बाजूला बंदर दिसतं आणि दुसऱ्या बाजूला घळ, कडा, सगळं. आठवडाभर तो बंदराकडे तोंड करून बसायचा. शनिवार आला की खुर्ची डोंगराकडे फिरवून घ्यायचा. मांडीवर वडिलांची दुर्बीण. एल्सीरा खाली उतरेपर्यंत जेवायचं नाही, चहा नाही, बोलणं नाही. कुणी मध्ये उभं राहिलं की "हल!" आम्हा दोघींना कारण उघड दिसत होतं. तो झाड राखत होता.

"त्याला वाटतं मी त्याच्या पाठीमागे कापून टाकीन," एल्सीरा एकदा म्हणाली. "इतकी वर्षं ज्याच्यासाठी खोटं बोलले, त्याचा माझ्यावर पहारा."

त्याच सुमाराची टोपीची गोष्ट. तेयोची होडीवरची टोपी, मेणकापडाची, कान झाकणारी, भडक नारिंगी. एका शनिवारी एल्सीरा निघाली तेव्हा त्याने ती डाव्या हाताने तिच्या अंगावर फेकली. नेम चुकला, टोपी रश्श्यात पडली. "घाल!" म्हणाला. एल्सीराला वाटलं, वैतागलाय. समुद्र सुटला, आता टोपी काय कामाची. तिने टोपी धुतली आणि घातली, आणि त्यानंतर एकही शनिवार ती टोपीशिवाय गेली नाही, ऐन उन्हाळ्यातसुद्धा. खाली घामाच्या धारा लागलेल्या असायच्या.

"काढ ती!" फ्रेसिया म्हणायची. "तुला बघून जहाजं वाट चुकतील."

"चुकू देत," एल्सीरा म्हणायची. "त्याची आहे, राहू दे." इतकंच.

यंदाच्या नोव्हेंबरात इसिदोराने आम्हाला घळीतच बसवलं, आमच्याच लूमांच्या सावलीत. हो, सावली. कमरेच्या वर गेलीयेत आता ती झाडं, आणि वाकून बसलं तर सावली मिळते. म्हणाली, प्रकल्प संपला. मार्चमध्ये ती जाणार, मागून कुणी येणार नाही.

"वरचं झाड राहिलं तर मागे काही उरणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही तिघी किती दिवस उपटणार? फळं काळी व्हायच्या आत ते काढायला हवं. यंदा फुलोरा भरपूर आहे."

एल्सीराच्या मानेवर चट्टे उठले. "घरटं—"

"घरटं नाहीये, दोन्या एल्सीरा. कधीच नव्हतं. मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे."

"मग फीत कशाला बांधलीस गं?" फ्रेसिया ओरडली.

"या इतक्या कष्टाने खोटं बोलल्या," इसिदोरा म्हणाली, "मला वाटलं, काहीतरी मोठंच कारण असणार. विचारायची हिंमत झाली नाही."

"अगं, मग सांग ना कारण!" फ्रेसियाने एल्सीराचा दंड हलवला. "माझे गुडघे गेले या घळीत. माझा ओव्हन शनिवारी बंद असतो म्हणून गिऱ्हाइकं शिव्या घालतात. काय दडलंय त्या झाडात? सोनं?"

एल्सीरा उठली, कात्री उचलली आणि पुन्हा मोरा तोडायला लागली. फ्रेसिया त्या दिवशी आमच्याशी न बोलता खाली गेली. मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर कात्री फेकून मारली असती.

त्याच आठवड्यात रविवारी कॉन्टीवरच्या वाल्पाराइसोहून दामासोचा फोन आला. दामासो त्यांचा एकुलता एक मुलगा. मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते, फोन मोठ्याने लावलेला होता, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"आई, मी परत येणार नाही गं. तू वाट बघतेस म्हणून सांगतो. पोरांची शाळा आहे, बायकोची नोकरी आहे. मला होडीवर उलट्या होतात, ते तुला माहीतच आहे. होडी कुणालातरी देऊन टाका."

"आणि कोठार?"

"बाबांना तू सांग," म्हणाला. "माझ्याच्याने नाही होणार."

तिने फोन ठेवला, माझ्या हातातली सुरी घेतली आणि बटाटे सोलायला लागली. सालीबरोबर निम्मा बटाटा जात होता.

मी म्हटलं, "एल्सीरा, काप ते झाड. आता कुणासाठी ठेवायचं?"

"त्याच्यासाठी."

"तो जाणार आहे का समुद्रावर?"

"हळू बोल!" तिने अंगणाकडे बघितलं. तेयो बंदराकडे तोंड करून बसला होता. "नाही जाणार. मला माहीत आहे, तुला माहीत आहे. त्याला कोण सांगणार? झाड उभं आहे तोवर त्याला वाटतं, आज ना उद्या. मी ते पाडलं म्हणजे मीच त्याला सांगितलं, की तू संपलास. आणि तेही त्याच्या डोळ्यांसमोर, तो दुर्बीण लावून बघत असताना." सुरी थांबली. "नाही पाडलं तर माझी इतकी वर्षं गेली. आईची पट्टी जाणार, लूमा जाणार, सगळं परत काट्यांत. मी मरेपर्यंत उपटत राहिले तरी वरून बी पडतच राहणार. दमले गं मी. मला आता दोन्ही उचलवत नाही."

मी म्हटलं, "मी सांगू त्याला?"

"तू तोंड उघडून तर बघ," ती म्हणाली, आणि रडायला लागली. लग्नापासून आजवर मी तिला रडताना बघितलं नव्हतं, आईच्या मयतीतसुद्धा नाही. मी उरलेले बटाटे सोलले.

डिसेंबरात फळं धरली, हिरवी, वाटाण्याएवढी. त्या शनिवारी माझा गुडघा सुजला होता, म्हणून मी तेयोपाशी बसायला आले. एल्सीरा स्वयंपाकघराच्या पायरीवर मोठ्या करवतीला कानस लावत होती. ही करवत आम्ही घळीत कधी नेली नव्हती. तिथे लहान करवती पुरतात. खर्र खर्र आवाज अंगणभर येत होता. तेयो ऐकत होता. मी एल्सीराकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं नाही. टोपी घातली, करवत खांद्यावर टाकली आणि नवऱ्याला नेहमीसारखं "येते" न म्हणता गेली.

मी खुर्ची डोंगराकडे फिरवली. दुसरा उपाय नव्हता. नाही फिरवली तर तो ओरडून गल्ली गोळा करतो. माशाचा रस्सा गरम करून आणला. त्याने मान हलवली.

"खा ना रे. थंड होतो."

"न... नंतर."

"झाड काही पळून जात नाही," मी म्हटलं, आणि लगेच जीभ चावली. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी जन्माचीच बावळट आहे.

उन्हं वर आली. घळीत त्या तिघी थांबल्या नाहीत. तीन ठिपके सरळ कड्याकडे चढत गेले. मी रस्सा परत आत नेला, पुन्हा गरम केला, पुन्हा आणला. मग वाऱ्याबरोबर करवतीचा आवाज आला. बारीक, पण ओळखू येण्यासारखा. माकीचा शेंडा हलायला लागला.

मी उठून त्याच्या समोर उभी राहिले. "ऊन फार झालं. खुर्ची आत घेते."

"हल."

"तेयो, ऐक माझं—"

"हल, म्हशी!" शिवी अख्खी आली.

मी हलले. झाड एका बाजूला कललं, जरा तसंच राहिलं, आणि कड्यापलीकडे गेलं. जिथे ते होतं तिथे आता नुसतं आभाळ होतं. जन्मापासून मी तिथे तो काळा ठिपका बघत आले होते. वडील आठवले. त्यांनी मला एकदा, मुलगी असून, होडीत नेलं होतं आणि खाच आणि झाड जुळताना दाखवलं होतं. मी तेयोचा हात धरला. त्याने तो हिसकावून घेतला. दुर्बीण कड्यावर इकडून तिकडे फिरायला लागली.

"टोपी," तो म्हणाला.

"काय?"

"टोपी! टोपी... कुठंय?"

मला अजून कळलं नव्हतं. त्याने दुर्बीण टाकली, डाव्या हाताने भिंत धरली आणि उठायला लागला. जो माणूस दोन वर्षांत आपला आपण कुशीवर वळला नव्हता, तो उठायला लागला. खुर्ची कलंडली. मी त्याला धरायला गेले आणि आम्ही दोघंही कोंबड्यांच्या खुराड्यावर आदळलो. कोंबड्या किंचाळत सुटल्या. माझ्या सुजलेल्या गुडघ्यावर त्याचं अख्खं वजन.

"बघ! टोपी... बघ!"

मी तशीच पडल्या पडल्या दुर्बीण उचलून लावली. तिची एक काच धुरकट आहे. कडा दिसला, तुटक्या फांद्या दिसल्या, इसिदोराचं निळं जाकीट वाकून बुंध्याला औषध लावताना दिसलं, फ्रेसिया कमरेवर हात ठेवून उभी दिसली. नारिंगी कुठेच नाही. झाड पडताना कधी उलटं फिरतं, कधी बुंधा मागे उडतो, हे आम्ही सगळे जाणतो.

मग दिसली. बाजूच्या दगडावर पिकल्या केसांची एक बाई बसली होती, उघड्या डोक्याने. टोपी तिच्या मांडीवर होती आणि तिने त्यात तोंड खुपसलं होतं.

"आहे," मी म्हटलं. "बसलीये. टोपी काढून बसलीये, तेयो. काही झालेलं नाही तिला."

तो रडायला लागला. झटक्यानंतर माणसाला रडू आवरत नाही, तसा, मोठमोठ्याने. मधूनमधून शब्द येत होते, ते मी जोडत गेले. दर शनिवारी. कड्यावर. टोपी दिसावी म्हणून दिली. टोपी हलतेय म्हणजे ती पडली नाही. टोपी खाली यायला लागली म्हणजे आता जेवायला हरकत नाही.

त्याचा पहारा झाडावर नव्हताच. आयुष्यभर आम्ही बायकांनी अंगणात उभं राहून त्याच्या होडीची वाट बघितली, होडी दिसेपर्यंत घास घशाखाली उतरला नाही. ते काम आता त्याच्याकडे आलं होतं, आणि आम्हा दोघींपैकी एकीलाही ते कळलं नाही. आम्ही त्याच्यावर रागावलो. तोही असला, की सांगता येत नाही म्हणून टोपी रश्श्यात फेकतो.

"आणि कोठार?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

तो बराच वेळ शब्द शोधत राहिला. "ते... गेलं. मी पडलो... तेव्हाच गेलं." मग नाक ओढून म्हणाला, "शेवंडींची... चंगळ."

शेजाऱ्याला हाक मारून मी त्याला खुर्चीत बसवला. मी त्याचं तोंड धुतलं, कोंबड्या गोळा केल्या. त्याने दुर्बीण पुन्हा हातात घेतली होती.

एल्सीरा चहाच्या वेळेला खाली आली. करवत हातात, टोपी काखेत, डोळे सुजलेले. वाटेवर ती काहीतरी मनाशी जुळवत आली असणार, कारण अंगणात येऊन सरळ त्याच्यासमोर उभी राहिली आणि शाळेतल्या पोरीसारखी बोलायला लागली.

"तेयो, मला तुला सांगायचंय. तू बघितलंच असशील. मी ते—"

"टोपी का... काढलीस?"

ती थांबली. माझ्याकडे बघितलं. मी खुराड्याचं दार लावलं. हे तिला त्याच्याकडूनच ऐकू दे म्हटलं.

"काय?"

"टोपी." तो दात आवळून एकेक शब्द बाहेर ढकलत होता. "का. काढलीस. वर."

"मी..." ती म्हणाली. "रडत होते. म्हणून काढली."

"दिसली... नाहीस. मला." त्याचा डावा हात वर आला आणि कड्याकडे गेला, जिथे आता काही नव्हतं. "रोज... रड. टोपी घालून... रड."

एल्सीराच्या हातातली करवत खाली पडली. सगळं तिच्या एकदम ध्यानात आलं नाही. तिच्या चेहऱ्यावर ते हळूहळू चढताना मला दिसलं, टोपी, खुर्ची, दुर्बीण, न जेवणं. ती पायरीवर बसली. काखेतली टोपी काढली, दोन्ही हातांनी डोक्यावर चढवली, कानांवरून खाली ओढली, आणि तिथेच, आपल्या अंगणात, रडायला लागली.

मी रस्सा तिसऱ्यांदा गरम करायला आत गेले.